मशीनचं मुंडकं

माझ्या नवऱ्याने केलेली कुठलीही वस्तू एकट्या माणसाला उचलता येत नाही. सरावलीच्या आमच्या दोन खोल्यांत चपलांचं एक स्टँड आहे. त्याच्याखालचा केर काढायचा तर शेजारणीला हाक मारावी लागते. मच्छरदाणीची चौकट जाड पाइपची आहे, आणि माझ्या शिलाई मशीनसमोरच्या स्टुलाला इतकं लोखंड लागलंय की तेवढ्यात एखादं फाटक झालं असतं. हे जवळच बोईसरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. भंगारात काढलेला अँगल किंवा पट्टी दिसली की ह्यांचा पाय तिथून निघत नाही. रीतसर विचारून घरी आणतात आणि सुट्टीच्या दिवशी मागच्या मोकळ्या जागेत वेल्डिंग करत बसतात. वस्तू पुरी झाली की तिच्यावर एक थाप मारून म्हणायचं, "हत्ती बसला तरी काही होणार नाही." मी दर वेळी विचारते, "अहो, पण आपल्याकडे हत्ती यायचाय कधी?" तोवर हे पुढची पट्टी मोजायला लागलेले असतात.

मी शिवणकाम करते. वर्षभर ब्लाउज आणि पंजाबी ड्रेस, उन्हाळ्यात शाळेचे गणवेश. लग्न होऊन आले तेव्हापासून जमिनीवर चटई टाकायची, वर कापड पसरायचं आणि वाकून कापायचं. आमच्या कामात शिवायला कोणीही शिवतं. बाई आपलं नवं कापड विश्वासाने सोपवते ती कापणाऱ्या हातात. माझा हात कापण्याचा आहे. ही फुशारकी नाही, सरावलीत कोणालाही विचारा.

तर एका पावसाळ्यात कंबर धरली ती सुटेचना. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून पाहिला आणि सरळ सांगितलं, "जमिनीवर बसून वाकणं बंद. उभं राहून कापा, नाहीतर कापणं सोडा." उभं राहून कापायला टेबल हवं, तेही लांबरुंद. त्याच पावसात आमच्या तळमजल्याच्या खोलीत पाणी शिरलं होतं आणि कोणाकडून मागून आणलेली प्लायवुडची फळी फुगून तिचे पोळीसारखे पदर सुटले होते. ह्यांचा ओव्हरटाइम तेव्हा बंद होता, त्यामुळे नवं काही आणायचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. मी फॉल-पिको आणि चेन बदलण्याची कामं घेऊ लागले. गणवेशाचं विचारायला आलेल्या बाईंना "मेपर्यंत बघू" म्हणाले आणि त्या गेल्यावर दार लावून रडले. कात्री कपाटात ठेवली होती, ती दिसू नये म्हणून तिच्यावर टॉवेल टाकला.

माझं सासर किनाऱ्याजवळच्या गावात आहे, चिकू-नारळाच्या वाडीत. तिथे सासूबाई आणि माझे दीर राहतात. विहिरीजवळ एक जुना फणस होता. फळाला काही फार गोड नव्हता, पण सावली अशी की दुपारी घरापेक्षा तिथे बरं वाटायचं. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून दुपारचं जेवण झालं की त्या झाडाखाली गोणपाट टाकायच्या आणि उजव्या कुशीवर, हाताची उशी करून तासभर झोपायच्या. घरात पाहुणे असोत, कापणी असो, तो तास त्यांचा. बाई काडीसारखी, पण त्या वेळी उठवायची कोणाची छाती नव्हती.

माझी कंबर धरली त्या पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यातल्या वादळात तो फणस मुळासकट आडवा झाला. चिकूचंही नुकसान झालं, पण त्याबद्दल सासूबाई फार बोलल्या नाहीत. फणसाच्या फांद्या तोडून नेल्या, खोड तसंच पडून राहिलं. सरपणवाला आला तेव्हा त्यांनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. "चुलीत नाय जायाचा तो," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांची दुपारची झोप गेली. भावजी सांगायचे, "वहिनी, आई दुपारभर वाडीत फिरत असते. ओटीवर पड म्हटलं तर पडते, पण डोळे उघडे."

दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा मी भिंतीला धरून उठत होते. सासूबाई बघत होत्या. सून म्हणून त्यांनी माझं तोंडभर कौतुक कधी केलं नव्हतं, शिवणाला तर त्या "तुझी ती चिंध्यांची कामं" म्हणायच्या. त्यांनी मला काय झालंय ते विचारलं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकून घेतलं, आणि उठून परसात जाता जाता म्हणाल्या, "त्या खोडाचा टेबल कर. उभा राहून काप. घरात आला म्हंजे झाला."

मी नुसती त्यांच्या पाठमोऱ्या लुगड्याकडे बघत राहिले.

आता खोड फाडायचं कसं? वखारवाला म्हणाला, रस्त्यापर्यंत आणून द्या. वाडीतून रस्त्याला जायची वाट दोन माणसं शेजारून चालतील एवढीच. ह्यांनी मोबाइलवर कुठूनतरी एक व्हिडिओ शोधून काढला. झाडं तोडायचं इंजिनवालं कटर असतं ना, त्याच्या लांब पात्याला एक चौकट आवळायची. चौकट खोडावर ठेवून ढकलत न्यायची, की खालून पातं खोडाची फळी काढत जातं. तो व्हिडिओ पाहताना ह्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं, ते माझ्या लग्नाच्या अल्बममध्येही नाही.

दोन रविवार मागच्या जागेत ठिणग्या उडाल्या. चौकट झाली. मी विचारलं, "हलकी केलीत ना?" हे म्हणाले, "मजबूत केली." म्हणजे झालंच.

थंडीत ह्यांना सुट्टी मिळाली तेव्हा आम्ही चौकट घेऊन वाडीत गेलो, आणि भावजींनी ओळखीच्या एकाकडून मोठं कटर मागून आणलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते परत द्यायचं होतं. ह्यांनी आधी काय करावं? पाण्याची नळी घेतली. गवंडी लोक भरतात तशी, पातळी बघायची. खोडाखाली ओंडके सरकवून, विटा घालून, काढून, परत घालून खोड अगदी पातळीत आणलं. अर्धा दिवस गेला त्यात. भावजी म्हणाले, "दादा, फळी काढाचीय, घर नाय बांधाचा." ह्यांनी लक्ष दिलं नाही.

खोडावर शिडी बांधून, तिच्यावरून चौकट सरकवत पहिला काप घेतला, म्हणजे वरची गोलाई निघून सपाटी आली. इथपर्यंत सगळे खूश. मग खरी फळी काढायला सुरुवात झाली आणि गोम कळली. ह्या कटरचं इंजिन एका बाजूला, पात्याच्या मुळाशी असतं. सगळं वजन तिथे. त्याला हे "मुंडकं" म्हणत होते. चौकट खोडावर बसते, पण मुंडकं खोडाच्या बाहेर अधांतरी लोंबतं. ते हातांनी उचलून धरायचं आणि धरता धरता पुढेही ढकलायचं. पात्याच्या पलीकडच्या टोकाला भावजी होते, त्यांच्याकडे नुसतं सरळ ठेवायचं काम. ह्यांच्या हाती ते इंजिन आणि स्वतःच केलेली ती मजबूत चौकट. निम्म्यावर येईपर्यंत ह्यांचे दंड थरथरायला लागले. मुंडकं खाली बसलं की चौकट एका कडेला उचलायची आणि पातं आत तिरकं घुसायचं. फळी बाहेर काढली तर एका कडेला भाकरी आणि दुसऱ्या कडेला पापड.

दुसरी फळी त्याहून वाईट. खोड तसं फार जाड नव्हतं, वर पोकळी आणि खाली किडलेला भाग. मधला रुंद, निरोगी गाभा जेमतेम आणखी एका फळीचा उरला होता. ती बिघडली तर टेबल नाही. हे सगळ्यांना कळत होतं.

ह्यांनी तिसरा काप सुरू करायला म्हणून मुंडकं उचललं, आणि ते परत खाली झुकायला लागलं. मला राहवेना. मी पुढे झाले आणि खालून हात लावला. टेबल कशासाठी तर कंबरेसाठी, आणि त्यासाठी कंबरच पणाला लावायला निघालेली मी. अशी कळ आली की मी तिथेच बसले. ह्यांनी मशीन बंद केलं, मला दोघांनी धरून ओटीवर नेऊन आडवं केलं. हे माझ्या पायाशी बसून राहिले. हातांना भुसा चिकटलेला, पिवळाधमक, हळद लावल्यासारखा.

"राहू दे," हे म्हणाले. "जमणार नाही. मी कुठूनतरी दुसरं बघतो."

मी मान वाडीकडे वळवली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि कळ येत असताना रडणं फार दुखतं.

उताणं पडलं की माणसाला वरचंच दिसतं. मला ओटीच्या छपरापलीकडे दोन नारळांच्या मध्ये बांधलेली कपडे वाळत घालायची तार दिसत होती. विहिरीजवळच होती ती, खोडाच्या जवळजवळ डोक्यावर. सासूबाई पिळलेलं लुगडं तारेवर टाकत होत्या. नऊवारी ओलं लुगडं म्हणजे काही हलकं काम नाही. त्यांनी ते सावलीतल्या टोकाला टाकलं, आणि मग एका बोटाने ओढत ओढत उन्हात नेलं. वजन तारेवर, बोटाला फक्त ओढायचं काम.

मी तशीच पडून हाक मारली, "अहो! मुंडकं वर टांगा."

हे पायाशी होते ते उठून उशाशी आले. मी तारेकडे बोट दाखवलं. ह्यांनी दोन्ही नारळ पाहिले, खोड पाहिलं, आणि मान हलवली. "दोर बांधला तर ताठ राहील. कधी वर ओढेल, कधी सैल पडेल. मशीन वरखाली व्हायला थोडी जागा लागते."

"मग दोर कशाला बांधता? इलॅस्टिक बांधा."

अख्खा जन्म माझा नाडी आणि इलॅस्टिकमध्ये गेलेला. ज्याला पोट सुटतं आणि आत जातं त्याला नाडी नको, इलॅस्टिक घाला, हे मी रोज बायकांना सांगते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. भावजी आत गेले आणि मोटारसायकलच्या दोन जुन्या ट्यूब घेऊन आले. वाडीत ट्यूब कधी कोणी फेकत नाही, कशाला ना कशाला लागते.

हे विचार करू लागले. मला तो विचार चेहऱ्यावर दिसला. "तारेऐवजी वरती एक चॅनेल टाकला, दोन्हीकडे खांब वेल्ड करून..."

"वेल्डिंग नाही," मी म्हणाले. "एकसुद्धा नाही. देवाची शपथ घालते."

सासूबाई हसल्या. मी त्यांना अशा हसताना फार वेळा पाहिलेलं नाही. त्या माळ्यावरून विहिरीची जुनी कप्पी घेऊन आल्या. पंप बसल्यापासून ती तशीच होती, पण त्यांनी तेल लावून ठेवलेली. भावजींनी कपड्यांची तार सोडून कुंपणाची जाड तार दुहेरी करून ताणली, तिच्यावर कप्पी बसवली, कप्पीला ट्यूब, आणि ट्यूबच्या खाली आधी नारळांनी भरलेलं पोतं टांगून पाहिलं. पोतं हवेत तरंगत इकडून तिकडे गेलं. ह्यांनी त्याला एका बोटाने ढकललं, परत ओढलं, परत ढकललं. मग मुंडक्याच्या वरच्या दांडीला ट्यूब बांधली, गरम भागापासून लांब. तोवर ऊन उतरलं होतं. काप सकाळी घ्यायचा ठरला.

सकाळी मला ह्यांच्या ओरडण्याने जाग आली. खोडाचं एक टोक चांगलं वीतभर खाली गेलं होतं. झालं असं की आदल्या संध्याकाळी वाडीला पाणी द्यायची पाळी होती. भावजींनी सवयीने पंप चालू केला, चिकूंच्या आळ्यांतून पाणी फिरलं आणि विहिरीजवळच्या नारळाच्या आळ्यातही भरलं. खोडाचं ते टोक बरोबर त्या आळ्याच्या काठावर. रेताड जमीन ती, विटा रात्रीतून आत गेल्या.

"पाण्याची पाळी चुकवू काय?" भावजी म्हणाले. "झाडाना काय म्हाईत तुमचा टेबल हाय?"

हे लाल झाले होते. अर्धा दिवस नळी धरून आणलेली पातळी पाण्यातच गेली. परत उचलायला वेळ नव्हता, दुपारी मशीन द्यायचं होतं. मी ओटीवर खुर्चीत बसले होते, कंबरेला उशी लावून. माझी मेची सगळी कामं त्या उताराला लागलेल्या खोडात होती. "आहे तसंच घ्या," मी म्हणाले.

ह्यांनी इंजिन चालू केलं. मुंडकं ट्यूबला लोंबलं, थोडं खाली गेलं आणि सपाटीच्या बरोबरीला येऊन थांबलं. पातं लाकडात शिरलं. ह्यांनी ढकलायला हात लावला आणि लगेच सैल केला, कारण ढकलायला लागतच नव्हतं. खोड उताराला होतं, चौकट आपल्या वजनानेच हळूहळू पुढे उतरत होती. त्या चौकटीचं ते अवाढव्य वजन पहिल्यांदा कोणाच्यातरी कामाला आलं. वर कप्पी कुरकुरत तिच्यासोबत चालली होती. उतारावर जसं खाली जावं तशी ट्यूब थोडी जास्त ताणायची, एवढंच. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कानांत कापूस होता, त्यामुळे मी काय म्हणाले ते ऐकू गेलं नसेल. मी "वा" म्हणाले होते.

पलीकडच्या टोकाला आता कोणी लागत नव्हतं, म्हणून भावजी मागून कापात लाकडाच्या पाचरी ठोकत आले, म्हणजे फळी बसून पातं अडकायला नको. सासूबाई माझ्या खुर्चीच्या मागे उभ्या होत्या. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा हात होता, आणि पातं पुढच्या टोकातून बाहेर पडेपर्यंत तो हलला नाही.

फळी उचलली. ह्यांनी चारही कोपऱ्यांना पट्टी लावून पाहिली. सासूबाईंनी कुठलीच पट्टी लावली नाही. त्यांनी तळवा फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मग खालचा मूठभर भुसा उचलून नाकाला लावला आणि पदराच्या टोकात बांधला.

फळी ओटीवर आडवी ठेवून, खाली पट्ट्या आणि वर दगड ठेवून वाळवली. उन्हाळा लागला तसा टेंपोने सरावलीला आणली. वाकड्या निघालेल्या दोन फळ्यांचे ह्यांनी पाय केले, जाड कड बाहेर आणि पातळ आत. उंची ठरवताना माझ्याच टेपने माझं माप घेतलं. इतकी वर्षं मी लोकांची मापं घेतली, माझं कोणी घेतलं नव्हतं. मी सरळ उभी राहिले आणि हे गुडघ्यावर बसून जमिनीपासून कंबरेपर्यंत टेप धरत होते, तेव्हा मला ह्यांच्याबद्दल जे वाटलं ते मी तेव्हा बोलून दाखवलं नाही. इथे लिहिते: माझं नशीब चांगलं. ज्या हातांच्या लोखंडावर मी आयुष्यभर हसले, त्याच हातांनी मला उभं केलं. टेबल झालं, ह्यांनी वर थाप मारली आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. मीही माझं म्हटलं.

टॉवेलखालची कात्री काढली, धार लावून आणली. गणवेशवाल्या बाईंना मी स्वतः फोन केला. निळ्या कापडाचे तागे आले. पहिल्या दिवशी मी इतकं कापलं की संध्याकाळी हात दुखला. हातच दुखला.

मेच्या शेवटी एका दुपारी दारात रिक्षा थांबली आणि सासूबाई उतरल्या, सोबत भावजी. आम्ही सरावलीला राहायला आल्यापासून त्या कधी आल्या नव्हत्या. बोलावलं की म्हणायच्या, "तिकडं झाड नाय, वारा नाय, मी काय करू?" मी घाईघाईने पाणी दिलं, पंखा वाढवला. भावजी बाजारात गेले. दुसऱ्या दिवशी गणवेश द्यायचे होते आणि शर्टांचा शेवटचा थर टेबलावर पसरलेला होता. मी खुणेचा खडू हातातच धरून बोलत होते.

सासूबाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या टेबलाभोवती फिरल्या. कडेवरून हात फिरवला. वाकून पाय पाहिले, वर उठून कापडाच्या कडेला उघडी राहिलेली फळी पाहिली. फणसाचा पिवळा रंग आता मधासारखा झाला होता. मग म्हणाल्या, "हे कापड जरा काढ."

मी काढलं. घडी करून मशीनवर ठेवलं.

"तो स्टूल आण."

ह्यांचा तो लोखंडी स्टूल मी ओढत आणला. माझा खांदा धरून त्या स्टुलावर चढल्या, तिथून टेबलावर. मी म्हटलं, "आई, पलंग आहे की." त्यांनी ऐकलं नाही. उजव्या कुशीवर वळल्या, हाताची उशी केली, पाय जवळ घेतले. "जरा पडते," म्हणाल्या. मी पदर सारखा करेपर्यंत त्यांचा डोळा लागला होता. वादळानंतरची त्यांची ती पहिली दुपारची झोप.

मी खडू घेऊन तिथेच उभी राहिले. शर्ट राहिले होते, घड्याळ चालत होतं. टेबल अडलं म्हणून राग मात्र आला नाही.

ह्यांची पहिली पाळी सुटली, हे घरी आले. दारातच थबकले. आईकडे पाहिलं, घडी घातलेल्या कापडाकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अगं, उद्याचे शर्ट? कापायचे नाहीत का?"

मी तोंडावर बोट ठेवलं.

"हत्ती आलाय," मी म्हटलं. "झोपू द्या."